मास्तरांच्या बायकोचा शब्द

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. इतका जुना, की मला ओळखणारे तर गेलेच, पण त्यांना ओळखणारेही आता कुणी उरले नाहीत. माझं नाव लीफ. थांबा, लगेच झाडाकडे बघू नका! इंग्रजीत झाडाच्या पानाला म्हणतात तो मी नव्हे. उच्चार सारखा असला तरी त्याचं माझं काही नातं नाही. तो अजून पहिलीच्या पुस्तकात मिरवतो, आणि मी जाडजूड शब्दकोशात, नावापुढे ‘जुना’ असा शिक्का घेऊन पडून आहे. तुम्हीच सांगा, आपल्या नावापुढे कायमचं ‘म्हातारा’ असं लिहिलेलं कुणाला आवडेल?

माझा अर्थ अगदी साधा आहे. लीफ म्हणजे लाडका, जिवलग, ज्याच्यावाचून करमत नाही असा.

खुर्ची सुतारानं केली, मडकं कुंभारानं घडवलं, तसं मला माझ्या जन्माचं सांगता येत नाही. मला कुणा एकानं घडवलं नाही. लिहिणं नावाची गोष्टच नव्हती अशा काळात कुणाला तरी कुणाची तरी ओढ लागली आणि ती तोंडावाटे बाहेर पडली. आमच्या घराण्याची सुरुवात तिथली. पुढे घराणं पांगलं. एक शाखा तुमच्याकडे आली. पत्राच्या शेवटी तुम्ही ‘लोभ असावा’ असं लिहायचात ना, तो लोभ माझा चुलतभाऊ. पुढे तुम्ही त्याला फार बदनाम केलंत. लोभी माणूस म्हणजे वाईट माणूस, असं करून टाकलंत बिचाऱ्याचं! माझी सख्खी बहीण तर तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. लव्ह! ती आज कपांवर असते, उशांवर असते, रिक्षाच्या मागेसुद्धा असते. तिचं छान चाललंय, मला आनंदच आहे. पण खरं सांगू? थोडं पोटात दुखतंच.

मी उत्तरेच्या थंडगार समुद्रावरून, होड्यांतून, इंग्लंडात आलो. तेव्हा माझा काय थाट होता! सरदारासमोर उभा राहिलेला शिपाई आधी ‘लीफ’ अशी हाक मारून मला पुढे करायचा आणि मग आपलं म्हणणं मांडायचा. ‘हे मला लीफ आहे’ असं कुणी म्हटलं, की तो ते काम अगदी खुशीनं करणार, हे समोरच्याला कळायचं. मग समुद्रापलीकडून फ्रेंच सरदार आले, त्यांच्यामागून त्यांचे शब्द आले. पुढे पंडितांनी लॅटिन शब्दांच्या पेट्याच्या पेट्या उघडल्या. ही सगळी बडी मंडळी नाकानं कांदे सोलणारी. त्यांच्यापुढे आम्ही जुने शब्द गावठी ठरलो. दरबारातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून अंगणात, असे आम्ही हळूहळू बाहेर ढकलले गेलो.

मला शेवटी आसरा दिला तो पूर्वेकडच्या दलदलीनं. तिथली माणसं लव्हाळ्याचे भारे कापायची, वाम मासे धरायची आणि पाणी चढलं की उंच काठ्यांवर चढून चालायची. त्या चिखलात नव्या शब्दांचे बूट खराब झाले असते, म्हणून ते तिकडे फिरकलेच नाहीत. तिथे मला वापरायची एक रीत होती. लग्न होऊन नव्या घरात आलं, की बायकोनं दार लावायचं, नवऱ्याच्या हातावर पाव ठेवायचा आणि मला उच्चारायचं. त्या क्षणापासून मी त्या दोघांचा झालो. आईनं लेकराला, मैत्रिणीनं मैत्रिणीला मला द्यायचं नाही. चारचौघांत तर नाहीच नाही. दार उघडं असलं की मी गप्प बसायचं.

चारशेहून अधिक वर्षांपूर्वी, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात, थॉमसिन नावाच्या एका मुलीनं मला दलदलीतून बाहेर आणलं. ती उंच, हाडापेरानं मजबूत आणि बोलायला फटकळ होती. तिचा नवरा जर्व्हिस. तो सडबरी गावात पोरांना लॅटिन शिकवायचा आणि उरलेल्या वेळात कविता करायचा. गाव त्याला मास्तर म्हणायचं. माणूस मोठा गोड होता, पण घरात असून नसल्यासारखा.

“लीफ, पुरे झाल्या त्या मेलेल्या रोमन लोकांशी गप्पा!” थॉमसिन चुलीपासून ओरडायची. “ये आता, वाटाण्याची पेज निवतेय.”

“आलोच गं. एक ओळ राहिलीय.”

“ती ओळ काय पळून जातेय? वाटाण्यांचे मात्र दगड होतील. मग दात पडले की माझ्या नावानं रड.”

तो हसत उठायचा. ती बाहेर त्याला ‘अहो मास्तर’ म्हणायची, आणि दार लागलं की मी आणि ‘तू’. एवढ्याशा त्या खोलीत, धुरानं काळ्या झालेल्या तुळयांखाली, मी दिवसातून कितीदा तरी जन्माला यायचो. माझ्या सगळ्या लांबलचक आयुष्यात त्याहून सुखाचे दिवस मला आठवत नाहीत.

आता बघा, दृष्ट कशी लागली ती. त्या वेळी लंडनच्या कवींमध्ये नवी टूम निघाली होती. मेंढपाळांच्या कविता लिहायच्या आणि त्यांत जुने शब्द उकरून घालायचे. जर्व्हिसनंही एक लांबलचक मेंढपाळगीत लिहायला घेतलं. त्यातला मेंढपाळ आपल्या प्रियेला हाक मारतो, तिथे त्याचं घोडं अडलं. लॅटिन शब्द घातला तर मेंढपाळ वकिलासारखा वाटे, फ्रेंच घातला तर न्हाव्यासारखा. दोन आठवडे तो लेखणी चावत बसला होता. एके दिवशी आतून थॉमसिनची हाक आली आणि त्याची लेखणी आपोआप चालली. मी कागदावर उतरलो.

त्याच्या मनात पाप नव्हतं हो! त्याला वाटलं, आपण बायकोचा मान वाढवतोय. पण पुस्तक छापायला जायच्या आधी त्याला दुसरीच धास्ती वाटू लागली. लंडनचे वाचक आपल्याला अडाणी समजले तर? म्हणून त्यानं समासात बारीक अक्षरांत टीप टाकली: ‘लीफ, म्हणजे प्रिय. दलदलीकडील गावंढळ लोकांत चालणारा जुना शब्द.’ थॉमसिनला यातलं काहीच त्यानं सांगितलं नाही. पुस्तक तयार झालं की एकदम हातात ठेवू, खूश होईल, असा त्याचा बेत होता.

पण पुस्तक घरी आलं आणि त्याला मुहूर्त सापडायच्या आधीच बाजाराचा दिवस आला. थॉमसिन पाववाल्या उर्सुलाच्या दुकानाशी उभी होती. तेवढ्यात लोकरीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, हम्फ्री, तिथे आला. केंब्रिजला शिकायला होता, सुट्टीला घरी आला होता, आणि येताना अंगात नवीन अंगरखा आणि डोक्यात नवीन कविता घेऊन आला होता.

“लीफ, माझ्या लीफ!” तो छातीवर हात ठेवून उर्सुलाला म्हणाला. “या भुकेल्या मेंढपाळाला एक पाव दे!”

“अगोबाई, मेंढपाळ का तू? मग बें बें करून दाखव आधी!” उर्सुला म्हणाली. सगळा बाजार खो खो हसला. “आणि हे लीफ काय नवीन?”

“नवीन कसलं, जुनंच आहे. आपल्या मास्तरांनीच शोधून काढलंय. दलदलीतले गावंढळ लोक म्हणतात म्हणे, पुस्तकात कडेला तशी टीपच आहे. सगळं केंब्रिज म्हणायला लागलंय आता.”

थॉमसिनच्या हातातली टोपली तशीच राहिली. मी त्या पोराच्या तोंडात होतो आणि तिच्याकडे बघत होतो. मित्रांनो, भर बाजारात कुणी आपले कपडे काढून घ्यावेत, तसं मला झालं. तिनं पाव घेतला नाही. सरळ घरी गेली.

“ते पुस्तक आलंय ना?” तिनं विचारलं. “आण इकडे. माझं नाव कुठे आहे ते वाचून दाखव.”

“तुझं नाव नाहीये गं त्यात…”

“माझ्या तोंडातलं आहे म्हणे. ते वाच. कडेला लिहिलंय तेही वाच.”

जर्व्हिसनं वाचलं. ‘गावंढळ’पाशी येऊन तो अडखळला. थॉमसिननं पुस्तक त्याच्या हातातून घेऊन मिटलं.

“माझ्या आईनं माझ्या बापाला जन्मभर जे म्हटलं ते मी तुला दिलं होतं,” ती म्हणाली. “तुला जगाला द्यायला नव्हतं दिलं. आणि दिलंस ते दिलंस, वर त्याची लाज वाटली तुला! आता हम्फ्री ते पाववालीला म्हणतोय. मग माझ्याकडे काय राहिलं रे?”

“थॉमसिन, ऐक तरी. मला वाटलं, तू खूश होशील.”

“हो, झाले ना खूश.” तिनं ताट वाढून टेबलावर ठेवलं. “या मास्तर, जेवून घ्या.”

दार बंद होतं. घरात दोघंच होती. आणि ती ‘या’ म्हणाली. जर्व्हिसनं ताट तसंच बाजूला सरकवलं.

तिकडे लंडनात मला लोकांनी डोक्यावर घेतलं. खोटं कशाला बोलू, मीही जरा शेफारलो होतो. किती वर्षांनी दरबारी मंडळींच्या ओठांवर बसायला मिळत होतं! गाण्यांत मी, नाटकांत मी, रुमालांवर भरतकाम करून मी. पण लवकरच माझ्या ध्यानात आलं, की मला म्हणणाऱ्यांना कुणाचीच ओढ नव्हती. घोड्याला म्हणत, कुत्र्याला म्हणत, दारूच्या पेल्याला म्हणत. मग नाटकातले विदूषक मला बोबडं बोलून हशा पिकवू लागले. दोन-तीन हिवाळे गेले आणि मी शिळा झालो. माझा उच्चार करणाऱ्याला लोक ‘काय हे जुनाट!’ म्हणू लागले. जेवढं उंच चढवलं होतं तेवढ्याच जोरानं खाली आपटलं मला त्यांनी.

मी सडबरीला परत गेलो, पण तिथेही मला जागा नव्हती. थॉमसिननं मला जिभेखाली दाबून ठेवलं होतं. रागावलेली बाई भांडी आपटते, तिनं तसलं काही केलं नाही. मास्तरांचे सदरे धुतले, ठिगळं लावली, खोकला झाला तर मध घालून काढा दिला. सगळं केलं, फक्त मला तोंडाबाहेर येऊ दिलं नाही. कधी कधी हाक मारताना तिच्या तोंडात माझी सुरुवात व्हायची. मी आनंदानं अगदी दातांपर्यंत यायचो. जर्व्हिस मान वर करून बघायचा. आणि ती मला तसाच गिळून म्हणायची, “मास्तर, सरपण संपलंय.”

जर्व्हिसनं काय नाही केलं! पुस्तक पुन्हा छापायची वेळ आली तेव्हा त्यानं मला आणि त्या टिपेला काढून टाकलं. ते तिला सांगायला गेला तर ती म्हणाली, “बरं केलंत. पण हम्फ्रीच्या तोंडातून कसं काढणार?” एकदा त्यानं धीर करून स्वतःच तिला त्या नावानं हाक मारली. ती मागे वळली नाही. “तो तुमच्या पुस्तकातला शब्द आहे,” ती म्हणाली. “मला थॉमसिन म्हणा.” त्यानंतर त्यानं कविताच सोडली. संध्याकाळी तो नुसता टेबलापाशी बसून राहायचा आणि चुलीकडून येणाऱ्या प्रत्येक आवाजाकडे कान लावायचा. किती वर्षं गेली कुणास ठाऊक. त्याचे केस पिकले. मला त्याच्या कानात जायचं होतं, आणि त्याच्या कानाला मी हवा होतो. मध्ये फक्त तिचे मिटलेले ओठ होते.

मग एका वसंतात गावाची हद्द फिरण्याचा दिवस आला. पाद्रीबुवा पुढे आणि सगळं गाव मागे, हातांत सोललेल्या लांब काठ्या. हद्दीच्या प्रत्येक दगडावर काठ्या आपटायच्या. हद्द जिथून जाईल तिथूनच चालायचं, ओढा आला तर ओढ्यातून, कुंपण आलं तर कुंपणावरून. वळसा घातलात, तर तेवढी जमीन शेजारच्या गावाची झाली! त्यामुळे शेजारचं गावही हद्दीच्या पलीकडे उभं राहून बारीक लक्ष ठेवून असायचं.

त्या वर्षी हिवाळ्यात पाणी फार झालं होतं. गिरणीमागच्या पाणथळीत हद्दीचा दगड अर्धा बुडाला होता, आणि भोवतीचा हिरवागार दिसणारा गाळ बघून सगळे जागीच थबकले.

“काय सडबरीकर!” पलीकडून कुणीतरी ओरडलं. “दगड आमचा समजायचा का?”

“समजून तर बघ!” उर्सुला इकडून ओरडली. पण पुढे कुणी जाईना.

तेव्हा जर्व्हिस मास्तर पुढे झाले. का, ते त्यांचं त्यांनाच माहीत. चार पावलं नीट गेले, दगडावर काठी आपटली, इकडच्या लोकांनी आरोळी ठोकली, आणि वळताना त्यांचा पाय घसरला. बघता बघता कमरेपर्यंत आत. घाबरून हातपाय झाडू लागले तसे छातीपर्यंत गेले. लोक नुसते ओरडत होते. एक गडी धावला तो स्वतःच गुडघाभर रुतला.

तोवर मागून बायकांची रांग फोडून थॉमसिन आली होती.

“लीफ!” ती ओरडली. “लीफ, हालू नकोस! ऐकतोस ना? पाठीवर टेक, माझ्या राजा, पाठीवर! आले मी!”

दोन गावांसमोर, पाद्रीबुवांसमोर, उघड्या आभाळाखाली! मी तिच्या तोंडातून असा सुटलो, की माझं मलाच भान राहिलं नाही. अंगावरची शाल तिनं गाळावर पसरली, तिच्यावर आडवी झाली आणि लांब काठी त्याच्याकडे सरकवली. दलदलीतली पोर ती, हे तिच्या रक्तातच होतं. जर्व्हिस पाठीवर टेकला. त्यानं काठी धरली. मागून गावानं थॉमसिनचे पाय धरून ओढलं आणि दोघंही काळ्याकुट्ट चिखलासकट गवतावर येऊन पडली. जर्व्हिस रडत होता. लोकांना वाटलं, थंडीनं. त्या दिवशी माझ्यावर कुणीही हसलं नाही, हम्फ्रीसुद्धा.

थॉमसिननं भोवती जमलेल्या गर्दीकडे पाहिलं आणि तोंडावरचा चिखल पुसला.

“उठा मास्तर,” ती म्हणाली. “लोक बघतायत.”

जर्व्हिसचा चेहरा असा पडला की काय सांगू! पुढचे कितीतरी दिवस तेच ‘मास्तर’ आणि तेच ‘या’. मीही पुन्हा जिभेखाली जाऊन बसलो.

पण गोष्टीला पाय फुटतात. ही गोष्ट थेट लंडनला, जर्व्हिसचं पुस्तक छापणाऱ्या निकोलस पर्व्हिसच्या कानावर गेली. तो घोड्यावर बसून सडबरीला आला. माणूस गोडबोल्या. आल्या आल्या थॉमसिनच्या वामाच्या कालवणाची तारीफ करून मोकळा झाला.

“मास्तर, तुमचं नशीब उघडलं!” तो म्हणाला. “लोक विसरले होते तो शब्द, पण वहिनींनी गाळात उभं राहून हाक मारली म्हणे! वा! बायकोच्या हाकेनं वाचलेला कवी! तुम्ही फक्त तो प्रसंग लिहून द्या. शब्द तोच ठेवा. वहिनी नेमकं काय म्हणाल्या, कशा म्हणाल्या, सगळं हवं. गेलेलं नाव परत मिळेल तुम्हाला, मी सांगतो!”

थॉमसिन चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तिचा पळीवरचा हात थांबला. मीही तिच्या तोंडात श्वास रोखून होतो.

जर्व्हिसला नाव नको होतं असं नाही, मित्रांनो. कवी होता तो. त्याच्या डोळ्यांत क्षणभर काय चमकलं ते मी पाहिलंय. मग त्यानं कान खाजवला.

“काय सांगू तुम्हाला, पर्व्हिस,” तो म्हणाला. “त्या दिवशी दोन्ही कानांत गाळ गेला होता. मला काहीच ऐकू आलं नाही.”

“अहो, पण सगळ्या गावानं ऐकलं!”

“मग गावाला विचारा. मी नाही ऐकलं.”

पर्व्हिसनं घासाघीस केली, चिडला, शेवटी कालवण संपवून निघून गेला. थॉमसिन त्याला पोचवायला दारापर्यंत गेली. घोड्याच्या टापा दूर जाईपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली. मग तिनं दार लावलं.

“लीफ,” ती म्हणाली. “तू जेवलाच नाहीस की रे. ये, बस.”

जर्व्हिस आला आणि बसला. त्यानं मान वर केली नाही. वर बघितलं तर हे खरं नसेल, अशी त्याला भीती वाटत असावी. तिनं त्याच्या ताटात वाढलं आणि त्याच्या पिकल्या केसांवरून एकदा हात फिरवला.

पुढे त्या घरात मी पुष्कळ दिवस सुखानं राहिलो. ते दिवस कुठेही लिहिलेले नाहीत. आधी तो गेला. तो गेल्यावर तिनं मला पुन्हा तोंडात आणलं नाही, कारण ऐकणारा नव्हता. मग तीही गेली. दलदल लोकांनी पाट काढून कोरडी केली, तिथे गहू उभा राहिला. तिथली माणसं, त्यांची रीत, सगळं गेलं. तेव्हापासून मी पुस्तकांत आहे. विद्वान लोक येतात, मला तपासतात, माझं मूळ कोणतं, अर्थ किती, यावर वाद घालतात. फार आदरानं वागवतात, नाही म्हणणार नाही. पण त्यांच्यापैकी एकानंही मला कुणाला जेवायला बोलावताना वापरलेलं नाही.

तुमच्याही घरात असा एखादा शब्द असेल, मित्रांनो. एखादं वेडंवाकडं लाडाचं नाव, जे जगात एकच माणूस तुम्हाला म्हणतं. ते जपा. हसू मिळवायला ते चारचौघांत फेकू नका, कुणी फेकलं तर त्याला थांबवा. आणि राग कितीही येऊ द्या, पण वर्षानुवर्षं ते ओठांत अडवून धरू नका. आत बसून वाट बघणं किती कठीण असतं, ते मला विचारा.

माझी एक इच्छा आहे. आत्ता तुम्ही मला मनातल्या मनात वाचलंत. एकदाच मोठ्यानं म्हणाल का? कुणासाठी म्हणालात, ते मी विचारणार नाही.